खालचा निकाल कायम

न्यायमूर्ती थर्मन विंथर जिवंत आहेत, हे मी शपथेवर सांगू शकते. सत्तावीस वर्षं रोज सकाळी त्यांची कॉफी मीच ओतते, आणि मेलेला माणूस कॉफी कोमट आहे म्हणून कुरकुर करत नाही. पण निवडणुकीच्या वर्षी जूनमध्ये वकिलांच्या संघटनेने राज्यभर लोकांना विचारून पाहिलं, तेव्हा शंभरातल्या एक्क्याऐंशी जणांनी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं आणि अकरा जण म्हणाले, "ते वारले ना?"

आमच्या राज्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ठराविक वर्षांनी मतपत्रिकेवर उभं राहावं लागतं. समोर कोणी विरोधक नसतो. नुसतं विचारतात, यांना ठेवायचं का? हो की नाही? आता मेलेल्या माणसाला ठेवायचं का म्हटल्यावर लोक काय म्हणणार?

साहेब आमच्याच काउंटीचे. वडील डुकरांचे डॉक्टर. साहेबांना रक्त बघून चक्कर यायची, म्हणून ते कायदा शिकले. काउंटीचे सरकारी वकील झाले, मग तिथलेच न्यायाधीश. तिथपासून मी त्यांच्याकडे टाइप करते. पाच वर्षांनी गव्हर्नरने त्यांना एकदम सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. गव्हर्नरला दुसराच कोणी विंथर हवा होता असं म्हणतात, खरंखोटं देव जाणे.

तिथे सात न्यायमूर्ती. सातजण बंद खोलीत चर्चेला बसले की दार वाजल्यावर उठायचं काम सगळ्यात नव्या न्यायमूर्तीचं, अशी रीत आहे. साहेबांच्या मागून सहा वर्षं कोणी नवीन आलंच नाही. सहा वर्षं हा माणूस दार उघडत राहिला. अजूनही हॉटेलात कुठे दार वाजलं की हातातला घास टाकून उठतात.

आणि निकाल? सहाजण एकीकडे, साहेब एकीकडे. बावीस वर्षांत दोनशे सहा वेळा त्यांनी एकट्याने वेगळं मत लिहिलं. 'मी आदरपूर्वक असहमत आहे' इथून सुरुवात, आणि मग चौदा पानं. ती पानं कोणी शेवटपर्यंत वाचली असतील असं मला वाटत नाही. मीही तिसऱ्या पानानंतर नुसती बोटं चालवायची.

पण माणूस सरळ. इतका सरळ की वैताग येतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याला एकदा बिस्किट दिलं, म्हणून शेजाऱ्याच्या भावाच्या खटल्यातून अंग काढून घेतलं. हा गृहस्थ निवडणुकीत पडला असता तर मला वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, साहेब, लोकांत जा. ऑगस्टमध्ये आपल्या काउंटीची जत्रा आहे, तिथे लोणच्यांच्या स्पर्धेला परीक्षक व्हा. गर्दी असते, फोटो येतो, शिवाय तुम्ही खाताना दिसलात की जिवंत आहात हे आपोआप सिद्ध होईल.

ते एकदम म्हणाले, "जमणार नाही. वेल्मा स्पर्धेत असते."

वेल्मा म्हणजे त्यांची बायको. शेपू घालून मुरवलेलं काकडीचं लोणचं, ही आमच्याकडची मानाची स्पर्धा. पहिल्याला निळी फीत, दुसऱ्याला लाल. वेल्माकडे एकोणीस लाल फिती आहेत. निळी एकही नाही, कारण एकोणीस वर्षं निळी फीत ब्यूला टॉफ्टने नेली. ब्यूला तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी एकाच बाकावर बसून मोठ्या झाल्या, एकमेकींच्या लग्नात करवल्या होत्या, आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा एकमेकींचं तोंड बघत नसत. लोणच्यात ब्यूला काय घालते हे वेल्माने एकोणीस वर्षं विचारलं आणि ब्यूलाने एकोणीस वर्षं हवापाण्याचा विषय काढला. मग या मार्चमध्ये ब्यूला गेली. झोपेतच गेली.

वेल्माने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, यंदा मी बरणी ठेवणार नाही, हरायला कोणी उरलंच नाही. ते ऐकून साहेबांनी परीक्षक व्हायला होकार दिला.

आणि मग मी शहाणीने काय केलं? वेल्माच्या स्वयंपाकघरात जाऊन तिला तासभर समजावलं. म्हटलं, बाई, एकदा तरी निळी फीत घे. तू सत्तरीला आलीस. ब्यूलानेसुद्धा हेच म्हटलं असतं. बरण्यांवर नावं नसतात, नुसते नंबर असतात. साहेबांना आपण सांगायचंच नाही, मग पक्षपाताचा प्रश्न येतो कुठे? ती नाही नाही म्हणत राहिली. शेवटी खिडकीबाहेरच्या चेरीच्या झाडाकडे बघत म्हणाली, "एकच. एकदाच. आणि ने तूच, मला बघवणार नाही." तिची बरणी मीच नेऊन दिली. नंबर मिळाला सात. म्हणजे दोन्हीकडच्या काड्या मीच पेटवल्या होत्या, हे लक्षात ठेवा.

जत्रेच्या दिवशी तंबूत एकोणीस बरण्या मांडलेल्या. परीक्षक तिघे: पाद्री नुडसन, शाळेत स्वयंपाक शिकवणाऱ्या मिस हॅबल आणि आमचे साहेब. ध्वनिक्षेपक डेल क्रूसच्या हातात. डेलचं धान्याचं कोठार आहे आणि बोलायची हौस त्याहून मोठी. बाजूच्या तंबूत डुकरं होती, त्यांची पाळी आमच्यानंतर.

पाद्रीबाबांनी दहा मिनिटांत एकोणीस बरण्या चाखून संपवल्या. साहेब तेवढ्यात तिसरीवर होते. पिवळ्या वहीत टिपणं काढत होते. प्रत्येक बरणीतली एक वरची आणि एक मधली काकडी घेत होते, कारण दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत बनवायचं नाही. वेल्मा मागच्या बाकावर हातात पर्स घट्ट धरून बसली होती. मी शेजारी.

चौथ्या बरणीतली काकडी साहेबांनी तोंडात घातली आणि चावता चावता थांबले. डोळे मिटले. पुन्हा हळूच चावले. मग काटा खाली ठेवला, कोट सारखा केला आणि उभे राहिले.

"या प्रकरणातून मी अंग काढून घेतो," ते म्हणाले. "यातल्या एका पक्षाशी माझा फार जवळचा संबंध आहे."

डेलने ध्वनिक्षेपकावरूनच विचारलं, "बरणीशी?"

लोक हसले. साहेब जाऊन खुर्चीत बसले, हात मांडीवर. चार? चार तर वेल्माची नव्हती. मी वेल्माकडे पाहिलं तर ती समोर एकटक बघत होती आणि तिचे ओठ हळूहळू पातळ होत चालले होते.

राहिले दोन परीक्षक. पाद्रीबाबा म्हणाले चार. मिस हॅबल म्हणाल्या सात. सात! वेल्माने माझं मनगट धरलं, त्याचे वळ दोन दिवस होते. मग सुरू झाली हुज्जत. पाद्रीबाबांच्या मते चार नंबर चाखताना मनुष्य नम्र होतो. मिस हॅबलच्या मते लोणच्याचं ते काम नव्हे, ते कुरकुरीत असावं आणि सात नंबर आहे. पाऊण तास झाला. कोणी हटेना. डुकरं ओरडायला लागली. डुकरांचे मालकही.

शेवटी डेलने साहेबांना विचारलं, तुमच्या कोर्टात निम्मे इकडे निम्मे तिकडे झाले की काय करता? साहेबांनी सवयीने मान माझ्याकडे वळवली. सत्तावीस वर्षं ते कलमं नि नियम मलाच विचारतात. आणि माझ्या जिभेने, मेलीने, मला न विचारताच उत्तर दिलं.

"खालचा निकाल कायम."

जित्याची खोड, दुसरं काय. नियम तोच आहे: वरच्या कोर्टात समसमान मतं पडली की खालच्या कोर्टाने जो निकाल दिला तो तसाच राहतो. पण इथे खालचं कोर्ट कुठलं? मी तोंडावर हात ठेवला तोवर उशीर झाला होता. पाद्रीबाबा म्हणाले, खालचा निकाल म्हणजे मागच्या वर्षीचा, झालं. मिस हॅबलना घरी जायचं होतं, त्यांनी मान डोलावली. डेलने मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडलं आणि आमची अख्खी काउंटी ऐकेल अशा आवाजात वाचलं, "प्रथम क्रमांक, ब्यूला टॉफ्ट. द्वितीय, वेल्मा विंथर."

ब्यूलाला पुरून पाच महिने झाले होते. पुरलं होतं पाद्री नुडसननीच. आणि वेल्माला बसल्या जागी विसावी लाल फीत मिळाली होती, हीही मेलेल्या बाईकडून हरून.

तेव्हा मागून ब्यूलाचा नवरा ऑर्विल उठला. ऑर्विल बोलतो वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा गुरांशी. टोपी काढून तो पुढे आला.

"चार नंबर तिचीच आहे," तो म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात घातलेली. तळघरात एवढी एकच उरली होती. म्हटलं, बघू कोणी ओळखतं का."

लोकांना काय करावं कळेना. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझेही डोळे भरून आले. खरं तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण आमच्या साहेबांना नोंदीत चूक राहिलेली सोसत नाही. ते खुर्चीतून उठले, डेलच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"माफ करा ऑर्विल, काहीतरी गफलत आहे. चार नंबर माझ्या बायकोची. म्हणून तर मी बाजूला झालो. एकेचाळीस वर्षं माझ्या जेवणात तेच लोणचं आहे. मी पहिल्याच घासाला ओळखलं."

तंबूतली दोनशे डोकी वेल्माकडे वळली. ती उठली, लाल फीत पर्समध्ये टाकली, पर्सचा खटका लावला.

"सात," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

घरी जाताना गाडीत मी मागे बसले होते. अठ्ठावीस मैलांचा रस्ता. साहेबांनी एकदा 'मी' एवढं म्हटलं आणि मग रस्त्याकडे बघितलं.

पुढचे चार दिवस वेल्मा नवऱ्याशी बोलली नाही. इकडे वर्तमानपत्रांना चंगळ झाली. न्यायमूर्तींनी मृत महिलेला विजयी केलं, हे राज्यभर छापून आलं. नोव्हेंबरात साहेब भरघोस मतांनी राहिले ते निव्वळ या एका लोणच्यावर. ब्यूला गेलीय हे सगळ्यांना कळल्यामुळे साहेब गेले नाहीत हेही कळलं. पण त्या चार दिवसांत त्यांना निवडणुकीचं सोयरसुतक नव्हतं. कॉफी गार झाली तरी कुरकुर नाही. मला म्हणाले, "एकेचाळीस वर्षं, ओपल. मला बायकोच्या हातची चव कळत नाही. असा साक्षीदार समोर आला असता तर मीच त्याला घरी पाठवला असता." मी म्हटलं, साहेब, होतं असं. पण खरं सांगायचं तर मलाही राग आला होता, थोडा त्यांचा आणि बराचसा माझा. वेल्माला एकदा जिंकवायला गेले आणि चारचौघांत तिचं हसं करून आले.

रविवारी चर्चनंतर मी त्यांच्याकडे गेले. माफी मागायची होती. तेवढ्यात ऑर्विलही आला. हातात चार नंबरची बरणी, अर्धी उरलेली. एकट्याने खाववत नाही म्हणाला. टेबलावर ठेवली आणि टोपी गुडघ्यावर घेऊन बसला.

वेल्माने मुकाट्याने कपाटातून एक निळा वाडगा काढला आणि त्यात त्या काकड्या घातल्या. साहेबांनी वाडगा पाहिला मात्र, ते ताडकन म्हणाले, "हाच. हाच वाडगा. यातूनच तर रोज वाढतेस तू."

वेल्मा खुर्चीत बसली. कान लाल झाले होते.

"तो वाडगा ब्यूलाचा," ती म्हणाली. "दर महिन्याला भरून द्यायची. तिचं लोणचं खायचो आपण, थर्मन. एवढी वर्षं."

"आणि तुझं?"

"माझं जत्रेला जायचं, नाहीतर चर्चला. घरात कधी फोडलंच नाही. मी रोज तिचं वाढून घ्यायची आणि चावून चावून बघायची, ही घालते तरी काय. मोहरी म्हणावी तर नाही. लसूण तर मीही घालते. मेलीने काही पत्ता लागू दिला नाही."

साहेबांचा चेहरा चार दिवसांनी पहिल्यांदा उजळला. "म्हणजे घरचं लोणचं मी बरोबर ओळखलं."

"लोणचं बरोबर ओळखलंस," वेल्मा म्हणाली. "बाई चुकलास."

ऑर्विलला हसू फुटलं. त्याला हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे त्याच्या लग्नानंतर. मग वेल्माच हसायला लागली आणि मला सुटल्यासारखं झालं. हसता हसता तिने बरणी वाडग्यात उपडी केली, आणि तळाला चिकटलेलं काहीतरी काळपट हिरवं टपकन पडलं. एक पान. तिने ते चिमटीत धरून उजेडात नेलं. पाच बोटं लांब, कडेला बारीक दाते. ती चव त्याचीच होती. वाडग्यातून द्यायची तेव्हा ब्यूला पान आधीच काढून टाकायची, लबाड.

वेल्मा पानाकडे बघत होती, मग खिडकीबाहेर. आमच्या काउंटीत चेरीचं झाड एकच, आणि ते विंथरांच्या अंगणात आहे.

"जुलैमध्ये यायची ती," ऑर्विल म्हणाला. "तू कॉफी करायला आत गेलीस की एक डहाळी खिशात."

"एकोणीस वर्षं," वेल्मा म्हणाली. "माझ्याच झाडाच्या पानाने मला हरवत होती." आणि मग ती रडली, अगदी मोठ्याने, आणि मध्येच हसली, आणि साहेब रुमाल शोधत उभे राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तो कळसा दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर.

पुढच्या वर्षी तिने ते पान घालावं असं मी दहादा सांगितलं. झाड तुझं, पान तुझं, चोरी तिची. वेल्मा म्हणाली, "पान माझं, पण लोणचं तिचं. मी माझंच घालेन." आणि घातलं. साहेबांना परीक्षकांच्या टेबलाजवळ फिरकायला बंदी होती. नवे परीक्षक होते, तिघेही शेवटपर्यंत बसले आणि एकमताने निळी फीत पलीकडच्या गावच्या एका तरण्याताठ्या पोरीला दिली. तिने लोणच्यात साखर घातली होती. वेल्माला एकविसावी लाल.

निकालानंतर बरण्या लोकांना चाखायला ठेवतात. नावं संध्याकाळी लावतात, तोवर नुसते नंबर. साहेब इतरांसारखे रांगेत उभे राहिले, एकेक काकडी खात गेले, आणि अकराव्या बरणीपाशी थांबले. चावले. डोळे मिटले नाहीत. खिशातून पिवळी वही काढली.

सोमवारी त्यांनी मला टाइप करायला कागद दिला. सुरुवात नेहमीचीच: 'मी आदरपूर्वक असहमत आहे.' पण पानं चौदा नव्हती, एकच होतं. त्यात लिहिलं होतं की बहुमताने साखरेला भुलून चूक केली आहे, अकरा नंबरची बरणी या काउंटीतली सर्वोत्तम आहे, आणि खाली सही करणाऱ्याने ती कोणी न सांगता पहिल्या घासाला ओळखली आहे.

मी विचारलं, "कोणी खरंच सांगितलं नव्हतं?"

"वर्षभर घरी तेच जेवतोय, ओपल," ते म्हणाले.

तो कागद वेल्माने चौकटीत घालून स्वयंपाकघरात लावला आहे, एकवीस लाल फितींच्या मधोमध. साहेबांच्या दोनशे सात असहमतींपैकी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला गेलेला तो एकटाच. ती रोज वाचते.